झाड बघणारा वेगळा, झाड कापणारा वेगळा

प्रश्न : पुण्यात आमची 32 सदनिकांची सोसायटी आहे. आवारात एक प्रचंड रेन ट्री, दोन गुलमोहर, एक आंबा आणि चार नारळ आहेत. गेल्या जुलैत रेन ट्रीची मांडीएवढी जाड फांदी पार्किंगमध्ये कोसळली. दोन स्कूटर चेपल्या; खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. खोडाचा घेर साडेआठ फूट आहे आणि बुंध्याशी कोपरापर्यंत हात जाईल अशी पोकळी आहे. तिघांना बोलावून दाखवलं. वखारवाला म्हणतो, लाकूड मला द्या, बारा फुटांवरचं सगळं फुकट उतरवतो. ओळखीचे नर्सरीवाले 9,000 रुपयांत छाटणी, पोकळीत सिमेंट आणि कापांवर औषधी लेप असं सगळं करून देतो म्हणतात. तिसरी एक ‘ट्री केअर’ कंपनी 70,000 मागते. त्यात यंत्राने खोडाची तपासणी आणि फांद्यांना केबल आहे. चेअरमनसाहेबांचा कल फुकटाकडे आहे. काम पावसाआधी व्हायला हवं. कुणाला द्यावं? (सचिव, एक गृहनिर्माण संस्था. पत्र जानेवारीत आलेलं.)

उत्तर :

नमस्कार.

तिघांपैकी कोण, असं तुम्ही विचारलंय. पण तुमच्या पत्रात झाडाला नेमकं काय झालंय याबद्दल तिघांपैकी कुणाचंही एक वाक्य नाही. वखारवाल्याची कमाई लाकडात आहे, त्यामुळे जितकं जास्त उतरेल तितकं त्याचं भलं. नर्सरीवाल्यांकडे सिमेंट आणि लेप आहे, म्हणून झाडाला सिमेंट आणि लेप. कंपनीकडे यंत्र आणि केबल आहे, म्हणून यंत्र आणि केबल.

म्हणून काम दोन तुकड्यांत द्या. आधी झाड पाहून लेखी अहवाल देणारा माणूस बोलवा आणि त्याची फी वेगळी द्या. अहवाल हातात आला की तोच कागद दाखवून कापणाऱ्यांकडून कोटेशनं मागवा. झाड किती कापायचं हे ठरवणाऱ्याला कापण्यातून एक रुपयाही मिळता कामा नये. एवढं पाळलंत तर निम्म्या चुका तिथेच टळतात.

हा बघणारा माणूस कोण? आपल्याकडे डॉक्टरांची किंवा आर्किटेक्टची असते तशी वृक्षतज्ज्ञांची सरकारी नोंदणी नाही. कार्डावर ‘आर्बोरिस्ट’ कुणीही छापू शकतो. जगभर मानलं जाणारं प्रमाणपत्र इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर, म्हणजे आयएसए, या संस्थेचं आहे. प्रत्यक्ष कामाचा साधारण तीन वर्षांचा अनुभव (या विषयातली पदवी असेल तर कमी) दाखवल्याशिवाय त्यांच्या परीक्षेला बसता येत नाही आणि दर तीन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण करावं लागतं. झाडाचा धोका तपासण्याची त्यांची ‘ट्रॅक’ नावाची वेगळी पात्रता आहे, तिची मुदत पाच वर्षं. समोरच्याने प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून नाव आणि मुदत दोन्ही जुळतात का ते पाहा. प्रमाणपत्र कंपनीच्या एका माणसाकडे असतं आणि झाड पाहायला येतो दुसराच, असंही होतं. तेव्हा तो स्वतः येणार का हे आधीच विचारा.

असे लोक आपल्याकडे थोडे आहेत. ते नाही मिळाले तर एखाद्या महापालिकेच्या उद्यान विभागातून निवृत्त झालेले अधिकारी किंवा मोठ्या झाडांवर वर्षानुवर्षं काम केलेला उद्यानविद्या पदवीधर चालेल. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाडाची जात आणि बुरशी अचूक ओळखतील. पण अमुक फांदी वाऱ्यात टिकेल का, हा भाराचा आणि लाकडाच्या ताकदीचा प्रश्न आहे. तो त्यांनी हाताळलाय का, हे संकोच न करता विचारून घ्या.

आता तो बघायला आल्यावर काय करतो ते नीट पाहा. सगळ्यात आधी त्याने झाडाकडे पन्नास-साठ फुटांवरून पाहायला हवं आणि मग बुंध्याशी यायला हवं. शेंडा विरळ झालाय का, एका बाजूची पानं बारकी आहेत का, झुकाव जुना की नवा, हे लांबूनच कळतं. जुना झुकाव असेल तर खोड वर जाताना पुन्हा सरळ होत गेलेलं दिसतं. नव्या झुकावात खोड सरळच्या सरळ कललेलं असतं आणि कलण्याच्या उलट बाजूची जमीन भेगाळलेली किंवा उचललेली असते. असं दिसलं तर कोटेशनची वाट पाहू नका. त्याच दिवशी पार्किंग रिकामं करा आणि उद्यान विभागाला कळवा.

मग त्याने गुडघे टेकून बुंधा पाहायला हवा. ओलसर बुंध्यावर पंख्यासारखी कडक, तपकिरी, कडेला पांढरट बुरशी दिसली तर ती बहुधा गॅनोडर्मा असते. ती मुळं आणि बुंधा आतून कुजवते, वरचा पर्णभार मात्र बराच काळ हिरवागार राहतो. म्हणून ‘झाड तर छान हिरवं आहे’ हा कुणाचाही पुरावा धरू नका. डहाळ्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात का, हेही पाहायला सांगा. पिठ्या ढेकणामुळे मुंबईत कित्येक जुने रेन ट्री वाळून गेले. तो प्रश्न छाटणीने सुटत नाही.

पुढची त्याची विचारणा अशी हवी : गेल्या चार-पाच वर्षांत इथे खोदकाम झालंय का? पाण्याची लाईन, ड्रेनेज, केबल, नवे पेव्हर ब्लॉक? हे न विचारणारा तज्ज्ञ अर्धंच झाड पाहतो. एक ढोबळ हिशेब आहे : खोडाचा छातीच्या उंचीवरचा, म्हणजे जमिनीपासून 1.4 मीटरवरचा व्यास घ्या आणि त्याला 12 ने गुणा. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी जपायचं. तुमचा घेर साडेआठ फूट, म्हणजे सुमारे 259 सेंमी, 3.14 ने भागलं की व्यास 82 सेंमीच्या आसपास. बारापट केलं की जवळजवळ 10 मीटर. तुमचं पार्किंग आणि कदाचित ड्रेनेजचं चेंबरही त्या वर्तुळात येत असेल. बुंध्यालगत कुणी दोन फूट खोल चर मारला असेल, तर त्या बाजूचे आधारच तुटले आहेत असं धरून चालावं लागतं.

पोकळीचं लोकांना भय फार वाटतं, म्हणून थोडं सविस्तर. पोकळ खोड म्हणजे मरणारं झाड नव्हे. झाडाचा जिवंत भाग सालीलगत असतो आणि ताकदीचं काम मुख्यतः बाहेरचं लाकूड करतं. पोकळ नळी भरीव दांड्याइतकी नसली तरी बरीच मजबूत असते. भोवतीच्या भरीव लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून कमी झाली की काळजीची वेळ येते. तुमच्या झाडाची त्रिज्या सुमारे 41 सेंमी. म्हणजे साल सोडून 13 सेंमीच्या आसपास चांगलं लाकूड सगळीकडून असेल आणि पोकळीचं तोंड फार रुंद नसेल, तर केवळ पोकळी आहे म्हणून झाड पाडायचं कारण नाही. जाणकार माणूस आधी लाकडी किंवा रबरी हातोडीने खोडावर गोलाकार ठोकून आवाज ऐकतो, पोकळीत सळई घालून खोली मोजतो आणि हे सगळं कागदावर मांडतो. एवढं करूनही शंका राहिली तरच आवाजाच्या लहरींनी आतलं चित्र काढणारं टोमोग्राफ यंत्र लावण्यात अर्थ आहे. कंपनीने आवारातल्या सगळ्याच झाडांना यंत्र लावायचं म्हटलं असेल तर कारण विचारा. रेन ट्रीला पोकळी आहे, तिथे यंत्राचा खर्च समजण्यासारखा आहे. नारळाला त्याचं काही काम नाही.

सिमेंट मात्र कुणी कितीही ओळखीचा असला तरी भरू देऊ नका. झाड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही. दोघांच्या मध्ये फट पडते, तिथे पाणी साठतं आणि कूज पुढे चालूच राहते, फक्त दिसायची बंद होते. पोकळीतलं पाणी जाऊ दे म्हणून खाली भोक पाडणंही तितकंच वाईट. झाडाने कुजलेल्या भागाभोवती आतून जी भिंत घातलेली असते, ती ड्रिल नेमकी फोडतं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड ती बंदिस्त करतं आणि भोवतीने नवं लाकूड वाढवतं. ही एक गोष्ट समजली की लेप, सिमेंट, भोक या सगळ्यांचा निकाल आपोआप लागतो.

लेपाबद्दल एक खुलासा. आंब्याच्या बागेत छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या मापाने. कोकणातला बागायतदार लहान कापांवर ती लावतो, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण रेन ट्रीच्या वीतभर रुंद कापावर डांबर, रंग किंवा पेस्ट फासल्याने कूज थांबत नाही. योग्य जागी घेतलेल्या कापाला लेपाची गरज नसते आणि चुकीच्या जागी घेतलेला काप लेपाने सुधारत नाही. कोटेशनमध्ये लेपाचा वेगळा दर दिसला तर तो काढून टाकायला सांगा.

अहवालात शेवटी चार गोष्टी हव्यात : काय दिसलं, कुठली फांदी कशावर पडू शकते, काय करायचं आणि कधीपर्यंत, पुन्हा केव्हा पाहायचं. सोबत फोटो आणि फांद्यांवर खडूने किंवा रिबिनीने केलेल्या खुणा. खुणा आत्ताच करून घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये रेन ट्री पानं गाळतो आणि मग वाळकी फांदी कुठली, जिवंत कुठली हे खालून ओळखणं कठीण होतं. गुलमोहराचंही तेच.

आता कापणारा कसा निवडायचा. ‘पंधरा वर्षांचा अनुभव आहे’ हे ऐकून घ्या, पण पंधरा वर्षं चुकीचे काप घेण्याचाही अनुभव असू शकतो. त्याला विचारा, दीड-दोन वर्षांपूर्वी कुठल्या सोसायटीत काम केलंत? तिथे जाऊन जुने काप पाहा. खोडाला फांदी जिथे फुटते तिथे किंचित फुगीर कडं असतं, बांगडीसारखं. काप या कड्याच्या अगदी बाहेरून घेतला असेल तर वर्षभरात जखमेभोवती सगळीकडून सारखी, गोल कड चढू लागते. कडं कापून खोडालगत सपाट काप घेतला असेल तर कड फक्त डाव्या-उजव्या बाजूंनी येते, वर आणि खाली येत नाही, आणि मधला भाग काळा पडत जातो. उलट, हातभर खुंट ठेवला असेल तर तो वाळतो, कुजतो आणि कूज आत उतरते. दहा काप पाहिलेत की माणसाची पारख होते. प्रशस्तिपत्रकांचे फोटो पाहण्यापेक्षा हा अर्धा तास जास्त कामाचा.

त्याच भेटीत दुसरंही पाहा : झाड बोडकं केलंय का? वखारवाला ‘बारा फुटांवरचं सगळं’ म्हणतो ते हेच. असं मुंडण केलेलं झाड दोन-तीन महिन्यांत झाडूसारखे फुटवे काढतं आणि लोकांना वाटतं, बघा, किती छान पालवलं. पण पानंच गेल्यामुळे अन्न बनवायला काही उरलेलं नसतं, म्हणून साठवलेला सगळा साठा खर्चून झाड जिवाच्या आकांताने ते फुटवे काढतं. मूळ फांदी खोडाच्या लाकडात खोलवर गुंफलेली असते, हे फुटवे मात्र सालीखालच्या वरवरच्या थरातून येतात. थोड्याच वर्षांत ते पुन्हा मोठ्या उंचीला पोचतात, खालची खुंटं कुजलेली असतात, आणि मग पार्किंगवर एका फांदीऐवजी दहा फांद्या टांगलेल्या असतात. उपाशी मुळंही कुजू लागतात. चेअरमनसाहेबांना सांगा, फुकट काम घेतलंत तर काही वर्षांनी याच झाडासाठी दुप्पट-तिप्पट खर्च करावा लागेल, आणि तेव्हा वाचवण्यासारखं झाड उरलेलं नसेल.

याची दुसरी, लवकर न कळणारी बहीण म्हणजे फांद्या आतून साफ करणं. छाटणारा आतल्या सगळ्या बारक्या फांद्या काढतो, टोकाला मात्र झुपका ठेवतो. खालून झाड मोकळं, हवेशीर दिसतं. पण सगळं वजन टोकाला गेल्याने रेन ट्रीची लांब आडवी फांदी वाऱ्यात चाबकासारखी हलते आणि मध्येच मोडते. तुमची जुलैतली फांदी कशी मोडली ते आम्ही पत्रावरून सांगू शकत नाही, पण मागे कधी अशी ‘साफसफाई’ झाली होती का, हे जुन्या सभासदांना विचारा. बरोबर पद्धत याच्या उलट आहे. आतल्या फांद्या राहू द्यायच्या आणि टोकाचं वजन कमी करायचं. तेही अधेमधे कुठेही न कापता अशा उपफांदीपाशी, जिची जाडी कापल्या जाणाऱ्या फांदीच्या निदान एक तृतीयांश असेल, म्हणजे तीच पुढे टोक म्हणून काम करते. एका हंगामात जिवंत पर्णभाराच्या चौथाईहून जास्त काढायचा नाही. तुमच्यासारख्या पोकळी असलेल्या जुन्या झाडाला आम्ही 15 टक्क्यांवर थांबू.

एक परीक्षा हातानेच घ्या. हाताला येईल अशी मनगटाएवढी फांदी दाखवून म्हणा, ही काढून दाखवा. जाणकार तीन काप घेतो. पहिला खालून, कड्यापासून फूट-दीड फूट लांब, फांदीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. इथे फांदी तुटून पडते आणि खालच्या कापामुळे साल सोलत खोडापर्यंत जात नाही. तिसरा काप उरलेला खुंट काढण्यासाठी, कड्याच्या बाहेरून. जो सरळ वरून एकच घाव घालतो किंवा कोयत्याने तोडतो, त्याला चहा पाजून निरोप द्या. आणि बुटांना काटे लावून चढणार का, हेही विचारा. जिवंत ठेवायच्या झाडावर काटे चालत नाहीत. प्रत्येक पावलाला एक जखम होते. काटे फक्त पाडायच्या झाडावर. बाकी चढाई दोर आणि हार्नेसने, किंवा बकेटच्या गाडीने.

कागदपत्रांत दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, कामगारांचा विमा, ज्याला ठेकेदार ‘डब्ल्यूसी पॉलिसी’ म्हणतात. प्रत मागा, त्यावर त्याच ठेकेदाराचं नाव, कामाचं स्वरूप, कामगारांची संख्या आणि चालू तारीख पाहा. ऑफिसात बसणाऱ्या कामगारांची पॉलिसी उंचीवर चढणाऱ्याला उपयोगी पडत नाही. विमा नसेल आणि माणूस वरून पडला, तर त्याच्या घरच्यांना दाद मागायला सोसायटीच उरते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमाही विचारा, कारण शेजारच्या इमारतीची काच आणि रस्त्यावरची गाडी तुमच्या आवारात येत नाहीत.

दोन, परवानगी. महाराष्ट्रात शहरी भागाला 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात ‘झाड तोडणे’ या शब्दात झाड जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. तेव्हा ‘आम्ही फक्त छाटतोय’ हा बचाव समजू नका. अर्ज महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे, उद्यान विभागामार्फत करायचा. अर्जदार सोसायटी असावी, ठेकेदार नव्हे. ‘परवानगीचं आम्ही बघतो’ म्हणणाऱ्याकडून परवान्याची प्रत कामाच्या आधी हातात घ्या आणि त्यातला शब्द वाचा. ‘धोकादायक फांद्या काढणे’ असं लिहिलेल्या परवान्यावर झाड बोडकं करता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’चा दर्जा दिला आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी झाडं लावण्याची अट घातली. इमारतीच्या आधी त्या जागेवर मळा किंवा बंगला असेल तर तुमचा रेन ट्री त्या वयाचा असू शकतो. अहवालात वयाचा अंदाज लिहून घ्या. (गोव्यातल्या वाचकांसाठी : तिथे 1984 चा वेगळा वृक्षसंरक्षण कायदा आहे, आपापल्या भागातल्या वृक्ष अधिकाऱ्याकडे विचारा.)

परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज आत्ताच जाऊ द्या. सगळं शहर मे महिन्यात जागं होतं, तेव्हा चांगली माणसं मिळत नाहीत आणि कावळ्यांसह कित्येक पक्ष्यांची घरटी भरलेली असतात. पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीतच मोडतं. फेब्रुवारी अखेर ते मार्च हा रेन ट्रीसाठी बरा काळ. चढण्यापूर्वी घरटी, ढोलीतले पोपट आणि आग्या मोहोळ आहे का ते पाहणं हे ठेकेदाराचं काम आहे. ‘धूर करून हाकलतो’ हे उत्तर मान्य करू नका.

विजेची तार फांद्यांपासून तीन मीटरच्या आत असेल तर महावितरणकडून लाईन बंद करून घेतल्याशिवाय कुणी चढायचं नाही. हिरवी फांदी, ओला दोर, हिरवा बांबू, सगळ्यांतून वीज वाहते. पायात रबरी चप्पल आहे म्हणून माणूस वाचत नाही. लेखी अर्ज करून दिवस आणि तास ठरवून घ्या. पुरवठा खंडित झाल्याची खात्री वायरमनकडून जागेवरच करा, फोनवर नव्हे.

केबलबद्दल. कंपनीने ती सुचवली म्हणून ती थोतांड ठरत नाही. दोन जाड फांद्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या चिकटून वाढल्या असतील आणि सांध्यात साल आत दबली असेल तर केबलने खरोखर झाड वाचतं. पण ती सांध्यापासून फांद्यांच्या टोकापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर हवी. खाली लावलेल्या केबलचा तरफेच्या हिशेबाने काही उपयोग नाही. फांदीभोवती तार गुंडाळायची नाही, ती फांदीचा गळा आवळते. आणि दरवर्षी तपासणीचा खर्च धरायचा. कुठल्या सांध्यासाठी, हे बोट दाखवून सांगता आलं नाही तर त्या रकमेवर काट मारा.

मग या तिघांपैकी कोण? वखारवाला नाही. नर्सरीवाले मोठ्या झाडावर नाहीत; त्यांना जमिनीवरचं काम द्या, ते त्यांना चांगलं येतं. कंपनीला नाही म्हणू नका, पण त्यांचं कोटेशन फोडून घ्या : तपासणी इतकी, छाटणी इतकी, केबल इतकी, पालापाचोळा नेणं इतकं. अहवाल बाहेरच्या माणसाचा असेल आणि छाटणी कंपनीची, तर ती रक्कम 70,000 च्या बरीच खाली येण्याची शक्यता आहे. त्याच अहवालावर आणखी निदान एक कोटेशन मागवा.

वर्क ऑर्डरमध्ये ‘झाड छाटणे, 1 नग’ असं लिहू नका, त्याचा अर्थ ज्याला जो हवा तो लागतो. असं लिहा : ‘रेन ट्री. पार्किंगवरच्या, लाल रिबीन बांधलेल्या तीन आडव्या फांद्यांची टोके 2 ते 2.5 मीटरने कमी करणे, काप उपफांदीपाशी. 5 सेंमीहून जाड सर्व वाळक्या फांद्या काढणे. जिवंत पर्णभार 15 टक्क्यांहून अधिक काढू नये. 10 सेंमीहून रुंद कोणताही जिवंत काप घेण्यापूर्वी सल्लागाराला दाखवणे. काटे, लेप, सिमेंट वापरू नये. जाड फांद्या दोराने उतरवणे, टाकू नयेत. लाकूड सोसायटीचे.’ फांद्यांचे आकडे अर्थात तुमच्या अहवालातून येतील. शेवटच्या ओळीमुळे अनेकांचा दर बदलतो. बदलू द्या, खरा दर तेव्हाच कळतो.

कामाच्या दिवशी झाडाचा विस्तार आणि त्याभोवती आणखी काही मीटर एवढी जागा पूर्ण रिकामी, गाड्यांसकट. वर एक माणूस असेल तर खाली निदान दोन : एक दोरावर, एक लोकांना अडवायला. हेल्मेट आणि हार्नेस नसलेला चढत नाही. टेकवलेल्या शिडीवर उभं राहून किंवा एका हाताने कुणी चेन सॉ चालवू लागला तर सचिव म्हणून काम थांबवायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. संकोच करू नका. सल्लागाराला सकाळचे पहिले दोन तास हजर राहायला सांगा, त्याची फी द्या. चुका पहिल्या फांदीवर पकडल्या तर पुढच्या टळतात.

बाकीच्या झाडांचं थोडक्यात. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ, त्यामुळे तिथे बुंधा आणि मुळं फांद्यांपेक्षा जास्त बारकाईने पाहायला सांगा. नारळावर चढणारा वेगळाच कारागीर असतो, गोव्यात त्याला पाडेली म्हणतात. त्याला फक्त वाळक्या झावळ्या, जुनी पोय आणि तयार नारळ काढायला सांगा. आडव्या रेषेच्या वरची हिरवी झावळी काढायची नाही. नारळाच्या खोडाला पडलेली भोकं कधीच भरत नाहीत, त्यामुळे तिथेही काटे नकोत. शेंड्यातल्या कोवळ्या पानाला त्रिकोणी काप दिसले तर गेंड्या भुंगा, खोडातून तपकिरी चिकट रस येत असेल तर सोंड्या भुंग्याची शक्यता. हे वर गेलेल्या माणसालाच दिसतं, खाली आल्यावर त्याला विचारा. आंब्याला आत्ता मोहोर असेल, त्याची छाटणी फळं उतरल्यावर. खोडाशी भुसा पडलेला दिसला तर मात्र थांबू नका. तो भिरूड किडा आहे. भोकात तार घालून अळी काढायची आणि भोक चिखलाने बंद करायचं, हे काम नर्सरीवाल्यांना सांगा.

त्यांना आणखी एक काम सांगा. रेन ट्रीच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक निदान एक मीटरपर्यंत उचला. हाताने, जेसीबीने नव्हे. खालची कठीण माती मुळांना न लागता हलकीच मोकळी करा आणि तिथे छाटणीतल्याच पानांचा, बारीक डहाळ्यांचा 5 ते 8 सेंमीचा थर द्या, खोडापासून वीतभर जागा सोडून. छाटणीनंतर लगेच रासायनिक खत नको. एप्रिल-मेमध्ये पंधरवड्यातून एकदा, पर्णभाराच्या कडेखाली सावकाश, खोलवर पाणी द्या.

पैशांचं असं ठेवा : काम सुरू होताना थोडी रक्कम, काम आणि सफाई झाल्यावर बरीचशी, आणि 20 टक्के सल्लागाराने सगळे काप पाहून सही केल्यावर. ही अट कोटेशन मागतानाच कळवा. पहिल्या मोठ्या पावसानंतर सल्लागाराची एक फेरी आत्ताच ठरवून ठेवा. त्या वेळी बुंध्याशी नवी बुरशी आणि जमिनीला नवी भेग या दोनच गोष्टी पाहायच्या आहेत.